वाढती पेढी आणि कायद्याचा खर्च

शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये, ही म्हण आपल्याकडे लहानथोर सर्वांच्या तोंडीं असते. श्रोतेहो, ही म्हण खोटी नाहीं; परंतु ती अर्धीच खरी आहे. जो आपल्या शेतांत पिकवितो आणि आपल्या घरांत खातो, त्याला ती पायरी टाळतां येते. व्यापार करणाराला ती टाळतां येत नाहीं. कारण तो कोर्टाची पायरी न चढला तरी कायदा त्याच्या दुकानाची पायरी चढून येतो. मापांत, पावतींत, जागेच्या भाड्यांत, गुमास्त्याच्या पगारांत, सरकारच्या करांत आणि सर्वांत अधिक म्हणजे उधारींत तो येऊन बसलेलाच असतो. तेव्हां कायदा हवा कीं नको, हा वाद व्यर्थ होय. त्याच्यावरील खर्च केव्हां, किती आणि कशासाठीं करावा, एवढेंच पेढीच्या धन्याच्या हातीं असतें. नांदेड जिल्ह्यांतील भोकर या गांवाच्या आसपासचा गेल्या दीडशें वर्षांचा इतिहास या दृष्टीनें पाहण्यासारखा आहे.

भोकर हा मराठवाड्याच्या पूर्व कडेचा तालुका. उत्तरेकडे हदगांव व हिमायतनगर ओलांडलें कीं पैनगंगा लागते आणि पलीकडे वऱ्हाड सुरू होतें. पूर्वेकडे थोड्याच अंतरावर तेलंगणाची शीव आहे. मुदखेडहून आदिलाबादेकडे जाणारा लोहमार्ग याच गांवावरून जातो. कापूस, ज्वारी, तूर आणि अलीकडे सोयाबीन व हळद हा येथला माल. असा सीमेवरचा गांव व्यापाराला अनुकूल असतो खरा. पण त्याच कारणानें तेथील व्यापाऱ्याला एकाच वेळीं दोन-तीन प्रकारच्या कायद्यांशीं गांठ घालावी लागते.

रेल्वे येण्यापूर्वींचा गांवचा व्यापार ओळखीवर चाले. दुकानदाराला गिऱ्हाइकाचें घर, बैल, शेत आणि त्याच्या मुलीचें सासरसुद्धां ठाऊक असे. उधारी थकली तर पाटील, महाजन व चार जुनीं माणसें पारावर बसत, दोघांचें ऐकत आणि निकाल देत. या न्यायाला खर्च एका दिवसाचा व पानसुपारीचा. त्याची अंमलबजावणी करणारा शिपाई म्हणजे गांवची लाज. परंतु या न्यायाला एक मर्यादा होती: त्याचें बळ वेशीपाशीं संपे. जो माणूस उद्यां पुन्हां याच पाराजवळून जाणार आहे, त्याच्यावरच लाजेचा अंमल चालतो. मनमाडहून आलेली गोदावरी खोऱ्याची रेल्वे विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर नांदेडास पोंचली आणि पुढें मुदखेडापासून आदिलाबादेकडे फांटा फुटला, तेव्हां भोकरचा कापूस अशा माणसांच्या हातीं जाऊं लागला कीं ज्यांचें तोंड विकणाऱ्यानें कधीं पाहिलें नव्हतें. माल डब्यांत चढला, रेल्वेची पावती डाकेनें गेली, पैसा हुंडीनें यावयाचा. आणि न आला तर? पार तेथें उपयोगीं पडेना. ओळखीची रिकामी पडलेली ती जागा कायद्यानें घेतली. पेढी वाढते म्हणजे तिचा व्यवहार अनोळखी माणसांशीं वाढतो, आणि अनोळखी माणूस म्हणजे कायद्याची गरज, हें सूत्र तेव्हांपासून आजतागायत बदललेलें नाहीं.

निजामी अमलांत ही गरज भागविणें सोपें नव्हतें. हैदराबाद संस्थानांत सर सालारजंगांच्या काळापासून न्यायालयांची नवी घडी बसत गेली, आणि संस्थानचे कायदे पुष्कळ अंशीं इंग्रजी मुलखांतील कायद्यांच्या धर्तीवर झाले. तरी ते कायदे स्वतंत्र होते. १८८४ सालीं राज्यकारभारांतून फारसी जाऊन उर्दू आली. व्यापाऱ्याच्या वह्या मात्र मोडींत किंवा मारवाडी लिपींत. त्याच्या वहींत शक किंवा संवत्, सरकारी कागदांत फसली सन, आणि वऱ्हाडांतून आलेल्या पत्रावर इसवी सन. नाणींही दोन: संस्थानांत हाली शिक्का, पैनगंगेपलीकडे कलदार, साधारण सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार असा हिशेब. भोकरच्या अडत्यानें उमरखेडच्या व्यापाऱ्याला माल दिला आणि तंटा झाला, तर कोणत्या तारखेपासून मुदत मोजावी, कोणत्या नाण्यांत रक्कम मागावी आणि कोणत्या न्यायालयांत जावें, हेच पहिले तीन प्रश्न. एका राज्याच्या न्यायालयाचा हुकूमनामा दुसऱ्या राज्याला परकाच. भाषांतर करणारा, अर्ज लिहिणारा, वकील, स्टांप, इतक्यांना तोंड दिल्यावर मूळ तंट्याला तोंड फुटावयाचें.

येथें खर्चाचा थोडा विचार करूं. कायद्याचा खर्च तीन प्रकारचा असतो. पहिला सरकारचा: न्यायालयाची रसूम, स्टांप, नोंदणीची फी. दुसरा वकिलाचा. हे दोन्ही डोळ्यांना दिसतात आणि खतावणींत त्यांचीं खातीं निघतात. तिसरा खर्च कोणत्याच वहींत लिहिला जात नाहीं: तो धन्याच्या दिवसांचा. समजा, एका दाव्यांत बारा तारखा पडल्या. मोठ्या पेढींत त्या बाराही तारखांना मुनीम जातो आणि दुकान चालूच राहतें. लहान दुकानाचा मुनीम, विक्रेता आणि मालक एकच असतो. तो नांदेडास गेला कीं दुकानाला कुलूप लागतें. म्हणजे तोच दावा, तीच रसूम, तोच वकील असूनही लहान माणसाला न्याय महाग पडतो. शिवाय जिंकणाऱ्याला न्यायालय जो खर्च देववितें, त्यांत हे बारा दिवस पुरतेपणीं क्वचितच भरून येतात. म्हणून लहान व्यापाऱ्यानें वाचवावयाचा खर्च प्रथम हा तिसरा होय. वकिलाची सल्ल्याची फी वाचवावी आणि बारा तारखांचे दिवस घालवावे, यासारखी उफराटी काटकसर दुसरी नाहीं.

हा तिसरा खर्च वाचविण्याचा उपाय आमच्या जुन्या व्यापाऱ्यांना ठाऊक होता. दिवाळीच्या पाडव्याला नव्या वह्या घालण्यापूर्वीं जुन्या खात्याची बाकी काढून ती देणेकऱ्याला दाखवावयाची आणि तिच्याखालीं त्याची सही घ्यावयाची, ही त्यांची रीत. वरवर पाहतां हा पूजेचा भाग. पण त्याच्या आंत कायदा होता. पैशाच्या साध्या येण्यावर दावा करण्याची मुदत सामान्यतः तीन वर्षांची. ती संपण्यापूर्वीं देणेकऱ्यानें आपल्या सहीनें येणें लेखी कबूल केलें, तर त्या सहीच्या दिवसापासून मुदत पुन्हां नव्यानें मोजली जाते. १९६३ च्या मुदतीच्या कायद्यांतही हें तत्त्व कायम आहे. जो दरवर्षीं सही घेतो त्याचें येणें मुदतीबाहेर जात नाहीं, आणि ज्यानें सही दिली आहे तो सहसा वादही घालीत नाहीं. तसेंच वह्यांचें. नियमितपणें ठेवलेल्या वहींतील नोंद पुराव्यांत घेतां येते, परंतु केवळ तिच्यावर कोणाच्या माथीं देणें लादतां येत नाहीं, असें १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यानें सांगितलें. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागीं भारतीय साक्ष्य अधिनियम आला, त्यांतही हेंच आहे. अर्थ उघड आहे. वहीला पावतीची, पोंचेची, सहीची जोड पाहिजे. ही जोड विक्रीच्या दिवशीं एका मिनिटांत मिळते. तीन वर्षांनीं वकिलाला शोधावयास लावली तर मिळेलच असें नाहीं.

परंतु कागदाला दुसरीही बाजू आहे, आणि ती सांगितल्यावांचून हा इतिहास प्रामाणिक होणार नाहीं. ती पाहण्यासाठीं क्षणभर निजामी हद्द ओलांडून पुणें जिल्ह्यांत जाऊं. मे १८७५ मध्यें सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांविरुद्ध दंगा केला आणि तो पुणें व नगर जिल्ह्यांत पसरला. या दंग्यांत लोकांचा रोख माणसांपेक्षां कागदांवर अधिक होता. सावकाराचीं खतें व हुकूमनामे हातीं घेऊन तीं जाळावीं, हा त्यांचा हेतु. कारण काय? जो कागद देणेकऱ्याला वाचतां येत नाहीं, ज्याची प्रत त्याच्याजवळ नाहीं आणि ज्याच्यावर त्याच्या गैरहजेरींत एकतर्फी हुकूमनामा होतो, तो कागद त्याला न्यायाचा पुरावा वाटत नाहीं, फांसाचा दोर वाटतो. या दंग्यांच्या चौकशीनंतर १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा पुणें, सातारा, सोलापूर व नगर या जिल्ह्यांना लागू झाला. खतें गांवच्या नोंदणी-कामगारासमोर व्हावीं, दाव्यापूर्वीं सलोखा करणाऱ्या मध्यस्थाकडे जावें, न्यायाधीशानें खतामागील खरा व्यवहार उकरून पाहावा, आणि मध्यस्थापुढें व अगदीं लहान रकमांच्या दाव्यांत वकील नसावेत, अशी त्याची योजना होती. धनकोनें एकतर्फी कागदावर जो खर्च वांचविला होता, तो असा व्याजासह परत फेडावा लागला. कागद दोघांनाही समजेल अशा भाषेंत असावा आणि त्याची एक प्रत समोरच्याच्या हातीं द्यावी, हा केवळ सौजन्याचा नियम नव्हे. पुढच्या दाव्याचा खर्च वांचविणारा तोच पहिला उपाय.

याच सुमारास पुण्यांत दुसरा एक प्रयत्न झाला. सार्वजनिक सभेचे प्रवर्तक गणेश वासुदेव जोशी, म्हणजेच सार्वजनिक काका, हे स्वतः वकील. कोर्टांतला पैशाचा व काळाचा नाश त्यांनीं रोज डोळ्यांनीं पाहिलेला. सभेच्या चळवळींतून १८७६ च्या सुमारास पुण्यास लवाद कोर्ट निघालें. उभय पक्षांनीं आपखुषीनें यावें, प्रतिष्ठित गृहस्थांनीं निकाल द्यावा, थोडक्या खर्चांत काम व्हावें, ही कल्पना. वकिली करणाऱ्या मनुष्यानेंच ही वाट दाखवावी यांत मोठा बोध आहे: कायदा जाणणें वेगळें आणि कोर्टांत जाणें वेगळें. परंतु लवादाचा पाया दोन्ही पक्षांची कबुली. एक पक्ष आला नाहीं तर लवाद पांगळा. मग ही कबुली भांडण पेटण्यापूर्वींच कशी मिळवावयाची?

याचें उत्तर बाजाराच्या संस्थेनें दिलें, आणि तें आपल्या भागाजवळच जन्मलें. वऱ्हाड त्या वेळीं हैदराबादच्या इंग्रज रेसिडेंटाच्या देखरेखीखालीं होतें. रेसिडेन्सीच्या हुकमानें १८८६ सालीं कारंजें येथें कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. हिंदुस्थानांतील असा हा पहिला बाजार मानतात. त्यांत परोपकार नव्हता; मँचेस्टरच्या गिरण्यांना स्वच्छ कापूस बेताच्या भावांत हवा होता. १८९७ सालीं वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला. १९२८ सालीं शेतीच्या शाही कमिशननें अशा बाजारांची शिफारस केली, आणि हैदराबाद संस्थानानें १३३९ फसलीचा, म्हणजे इसवी १९३० चा, आपला स्वतःचा कृषि-बाजाराचा कायदा केला. महाराष्ट्र झाल्यावर हे निरनिराळ्या प्रदेशांचे कायदे मोडून १९६३ चा एकच कायदा आला, आणि आज भोकरलाही कृषि उत्पन्न बाजार समिति आहे.

या समित्यांकडे आपण तोलाई, हमाली व सौदे यांची व्यवस्था म्हणून पाहतों. कायद्याच्या खर्चाच्या दृष्टीनें त्यांचें महत्त्व आणखी मोठें आहे. अडत्याला परवाना घ्यावा लागतो; म्हणजे वजन, प्रत, कपात, पैसे देण्याची मुदत यांविषयींचे नियम तो आरंभींच मान्य करतो. विकणाऱ्याचे पैसे त्याच दिवशीं चुकते करावे असा नियम असल्यानें उधारीच्या तंट्याचें मूळच तुटतें. आणि वजनाचा, प्रतीचा किंवा पैशाचा तंटा निघालाच तर तो समितीपुढें, मालाचा ढीग समोर असतांनाच, मिटवितां येतो. जो करार प्रत्येक अडत्यानें प्रत्येक शेतकऱ्याशीं वेगळा केला असता तर दोघेही बुडाले असते, तोच करार सर्वांनीं मिळून एकदां केला. गांवच्या पारानें जें काम लाजेच्या बळावर केलें, तें बाजारानें परवान्याच्या बळावर केलें. या समित्यांत दोष नाहींत असें नव्हे. गटबाजी व ढिलाई यांच्या तक्रारी जुन्याच आहेत. तथापि कायद्याचा खर्च एकट्यानें न सोसतां वांटून घ्यावा, हें तत्त्व त्यांनीं आपल्या व्यापाराला शिकविलें.

आतां पेढीच्या आंतल्या कायद्याकडे वळूं. दुकान वाढून कारखाना होतो तेव्हां तंटे केवळ बाहेरच्यांशीं होत नाहींत. घरच्यांशीं व भागीदारांशींही होतात. १८९० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांतच लोकमान्य टिळकांनीं भागीदारांसह लातुरास जिनिंगचा कारखाना काढला होता, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसेल. त्याच सुमारास ते पुण्यांत कायद्याचा वर्ग चालवीत होते. दुकानाला पुरणारें भांडवल कारखान्याला पुरत नाहीं. यंत्रें आणावीं लागतात, जागा लागते, भागीदार लागतात. आणि भागीदार आला कीं "तुझें किती, माझें किती" हें लिहून ठेवण्याची गरज आलीच.

पेढीचें कायदेशीर रूप तिच्या वाढीबरोबर कसें बदलावें, याचा उत्तम दाखला किर्लोस्करांचा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १८८८ मध्यें बेळगांवांत सायकलींचें लहानसें दुकान काढलें. पुढें लोखंडी नांगर निघाले. परंतु नगरपालिकेला जागा हवी म्हणून बेळगांवची जागा त्यांना सोडावी लागली. औंधच्या अधिपतींनीं जमीन दिली आणि १९१० मध्यें किर्लोस्करवाडी वसली. १९२० सालीं या कारखान्याची मर्यादित कंपनी झाली. दुकान, बंधूंचा कारखाना, आणि मग कंपनी, असा हा बत्तीस वर्षांचा क्रम. सायकलींच्या दुकानाला कंपनीचा अंगरखा घातला असता तर त्याच्या ओझ्यानेंच तें वांकलें असतें. आणि शेंकडों कामगारांचा कारखाना घरगुती बोलीवर चालविला असता तर पहिल्याच मतभेदांत फुटला असता. कायद्याचा पोशाख अंगाच्या मापाचाच हवा.

भागीदारीपुरतें बोलावयाचें तर १९३२ च्या कायद्यांतील दोन गोष्टी लक्षांत ठेवाव्यात. पहिली: भागीदारीची नोंदणी सक्तीची नाहीं, परंतु नोंदणी नसलेली पेढी, कांहीं अपवाद सोडल्यास, आपल्या करारांतील येण्यासाठीं बाहेरच्यावर दावा लावूं शकत नाहीं. बाहेरचा मात्र तिच्यावर दावा लावूं शकतो. म्हणजे नोंदणीची क्षुल्लक फी वांचविणारी पेढी एका हातानें लढते, आणि तो हात ढालीचा, तलवारीचा नव्हे. दुसरी गोष्ट: उलट करार नसेल तर एका भागीदाराच्या मृत्यूनें भागीदारी संपते. तिघा मित्रांनीं वीस वर्षें चालविलेली जिनिंग एकाच्या निधनानंतर त्याच्या वारसांच्या व उरलेल्या दोघांच्या भांडणांत बंद पडावी, याचें कारण पुष्कळदां एवढेंच असतें कीं करारांत एक ओळ लिहावयाची राहिलेली असते. ती ओळ लिहिण्याला आरंभींच्या सलोख्यांत पांच मिनिटें पुरतात.

हैदराबाद संस्थान १७ सप्टेंबर १९४८ रोजीं मुक्त झालें, आणि १ एप्रिल १९५१ पासून मुदतीचा, दिवाणी कामकाजाचा वगैरे हिंदुस्थानचे कायदे येथें लागू झाले. फसली मुदतीचे दिवस संपले. भोकरच्या व्यापाऱ्याला नांदेड, उमरखेड आणि मुंबई यांसाठीं एकच कायदा मिळाला, हा मोठाच लाभ. परंतु १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनें नवी सीमा आंखली. मराठवाडा मुंबई राज्यांत आला, आणि तोंवर नांदेड जिल्ह्यांत असलेला मुधोळ तालुका आंध्र प्रदेशांत गेला. २०१४ पासून तो तेलंगणांत आहे. पैनगंगेवरची जुनी भिंत पडली आणि पूर्वेला नवी रेघ उमटली.

ही रेघ आज करांत जाणवते. १ जुलै २०१७ पासून विक्रीकराच्या जागीं वस्तु व सेवा कर आला. महाराष्ट्रांत केवळ वस्तूंचा व्यापार करणाऱ्याला १ एप्रिल २०१९ पासून वार्षिक ४० लाख रुपयांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीची सक्ती राहिली नाहीं. परंतु करपात्र माल दुसऱ्या राज्यांत विकला कीं, कांहीं अपवाद वगळतां, ही मर्यादा लागूच होत नाहीं. भोकरच्या भांड्यांच्या दुकानदारानें नांदेडास लाखों रुपयांचा माल विकला तरी तो मर्यादेच्या आंत राहूं शकतो. मुधोळच्या एका दुकानदाराला थोडासा माल विकला कीं नोंदणीचा प्रश्न उभा राहतो. हें आधीं विचारून घेण्याला सल्ल्याची एक फी लागते. मागाहून कळलें तर कर, व्याज व दंड हीं तिन्ही लागतात.

मग वाढत्या पेढीनें कायद्यावर खर्च कोणत्या क्रमानें करावा? माझ्या मतें क्रम असा. आरंभीं वकिलाला मोठी फी देण्याची गरज नाहीं. वही, पावती, पोंच आणि वर्षाची सही एवढें स्वतः करावें. जागा भाड्यानें घेतांना, भागीदार घेतांना, पहिलें मोठें कर्ज काढतांना व परप्रांतीं पहिला माल धाडतांना, या चार वळणांवर जाणत्याचा सल्ला अवश्य घ्यावा, आणि सल्ल्याची फी आधीं ठरवून ती लिहून घ्यावी. नेहमीच्या विक्रीसाठीं एकदां चांगला करारनामा करून घेतला कीं तोच शंभरदां उपयोगीं पडतो. नोकर वाढले कीं कामगारांचे कायदे लागतात. वीसांची संख्या गांठली कीं भविष्यनिर्वाह निधीचा विचार करावाच लागतो. हा खर्च अचानक कोसळलेला दंड म्हणून भरण्यापेक्षां एकोणिसावा नोकर ठेवतांनाच अंदाजांत धरावा.

आणि एवढें करूनही तंटा झालाच, तर कोर्टाच्या आधींच्या पायऱ्या पाहाव्यात. २००६ च्या लघुउद्योगांच्या कायद्यानें सूक्ष्म व लहान उद्योगांच्या मालाचे पैसे, करारांत कांहींही लिहिलें असलें तरी, ४५ दिवसांपलीकडे अडवितां येत नाहींत. अडविल्यास बँक-दराच्या तिप्पट दरानें चक्रवाढ व्याज लागतें आणि तंटा कोर्टाऐवजीं त्यासाठीं नेमलेल्या परिषदेकडे नेतां येतो. डाळ-गिरणीला किंवा जिनिंगला याचा उपयोग आहे. मात्र माल देण्यापूर्वींच उद्योगाची नोंदणी करून ठेवावी. घाऊक व किरकोळ व्यापाऱ्यांना २०२१ सालीं जी नोंदणी खुली झाली ती बँकेच्या अग्रक्रमाच्या कर्जापुरती. या मुदतीचा आधार त्यांना नाहीं. अडत-दुकानदारानें या बाबतींत भ्रमांत राहूं नये. तीन लाखांपासूनच्या व्यापारी दाव्यांत, तांतडीचा हुकूम नको असेल तर, दाव्यापूर्वीं मध्यस्थीची पायरी आतां सक्तीची आहे. १९८७ च्या विधिसेवा कायद्याखालील लोकन्यायालयांत तडजोड झाली तर तिच्यावर अपील नाहीं, आणि चालू दाव्याची भरलेली रसूमही परत मिळते. त्याच कायद्यानें स्त्रियांना व अनुसूचित जातिजमातींच्या लोकांना, उत्पन्न न पाहतां, मोफत वकील मिळूं शकतो. दुकान चालविणाऱ्या कितीतरी भगिनींना हा आपला हक्क ठाऊकही नसतो.

पारावरचे पंच, पुण्याचें लवाद कोर्ट, कारंजाचा बाजार आणि आजचें लोकन्यायालय ही एकाच प्रयत्नाची परंपरा आहे. लहान माणसाचा दिवस मोलाचा आहे, हें ओळखून न्याय त्याच्या जवळ आणण्याचा तो प्रयत्न. पण यांतली कोणतीही संस्था कोऱ्या वहीला आधार देऊं शकत नाहीं. व्यापारांत बुडालेल्या पुष्कळ पेढ्या तोट्यानें बुडत नाहींत; येणें असून वसूल करतां न आल्यानें बुडतात, आणि तें वसूल होत नाहीं कारण सलोखा होता त्या दिवशीं लिहून घेण्याचा संकोच वाटला. "आपलाच माणूस आहे, कागद कशाला?" या एका वाक्यानें जितके आपले लोक परके झाले, तितके कोणत्याही कोर्टानें केले नसतील. कागद आपल्या माणसावरचा अविश्वास नव्हे. उद्यां आपली स्मृति चुकली, आपण राहिलों नाहीं किंवा काळ फिरला, तरी स्नेह टिकावा म्हणून केलेली ती तरतूद आहे. ज्या व्यापाऱ्यानें ती वेळेवर केली, त्याला कोर्टाची पायरी चढावी लागणार नाहीं असें नाहीं. पण चढावी लागलीच तर तो ताठ मानेनें चढेल, आणि संध्याकाळच्या आंत परत येऊन दुकान उघडूं शकेल.